डोळा फसतो, कान फसतो, हाताचं काय?

वाचकहो, आजचा लेख वाचायच्या आधी एक छोटी गंमत करून पाहा. घरातल्या मुलांनाही सोबत घ्या. दोन हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा, हात लांब करा आणि दोन्हींची टोके एकमेकांना टेकवा. सहज जमेल. आता एक डोळा मिटून तेच करा. बहुतेकांची एक पेन्सिल दुसरीच्या पुढून नाहीतर मागून निघून जाते. देवाने दोन डोळे नुसते शोभेसाठी दिलेले नाहीत, हे तेव्हा कळते.

आपल्या दोन बुबुळांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटीमीटर अंतर असते. त्यामुळे उजव्या डोळ्याला दिसणारे चित्र आणि डाव्या डोळ्याला दिसणारे चित्र यांत थोडा फरक पडतो. वस्तू जवळ असेल तर फरक जास्त, लांब असेल तर कमी. मेंदू हा फरक पाहतो आणि कुठली वस्तू किती लांब आहे याचा हिशेब क्षणात मांडतो. शाळेत ‘व्हीटस्टन ब्रिज’ शिकलेल्यांना चार्ल्स व्हीटस्टन हे नाव आठवत असेल. त्यांनीच १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडले. किंचित वेगळी अशी दोन चित्रे काढली, मधे आरसे बसवून प्रत्येक डोळ्याला एकेकच चित्र दाखवले आणि सपाट कागदावरची आकृती चक्क उठून उभी राहिली. या उपकरणाचे नाव स्टिरिओस्कोप. आपल्यापैकी काहींच्या घरी लाल रंगाचा व्ह्यू-मास्टर असेल. चकती घालायची, खटका दाबायचा आणि देशोदेशीची ठिकाणे बघायची. तो या स्टिरिओस्कोपचा नातू. आणि आज ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’, म्हणजे आभासी वास्तव, दाखवणारे जे यंत्र डोळ्यांवर बांधतात, तो त्याचा पणतू.

हा पणतू आमच्या घरी आला तो दिवाळीत. पुतण्या बेंगळुरूला संगणकाच्या कामात आहे, त्याने आणला. फराळाचे डबे बाजूला राहिले आणि मुलांची रांग लागली. शेवटी अव्वांची पाळी आली. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षे ब्याऐंशी. माझे माहेर मराठी, सासर कन्नड. अर्धे वाक्य या भाषेत सुरू होते आणि अर्धे त्या भाषेत संपते. तुमच्याही घरी असेच चालत असणार. अव्वांना खुर्चीत बसवून ते यंत्र डोळ्यांवर चढवले. समोर उंच डोंगराचा कडा, खाली खोल दरी, पुढ्यात लाकडी कठडा. अव्वा “अब्बब्बा!” म्हणाल्या. मान वळवून मागे काय आहे ते पाहिले. डावीकडे पक्षी ओरडला तशा डावीकडे वळल्या. मग कठडा धरायला त्यांनी हात पुढे केला. हात हवेतच फिरला. एकदा, दोनदा, तीनदा. यंत्र काढून पुतण्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, “कण्णिगि काणतैति, कैगि सिगंगिल्ल.” डोळ्याला दिसतंय, हाताला सापडत नाही.

या विद्येत काम करणारे शास्त्रज्ञ जवळजवळ साठ वर्षे ज्या अडचणीशी झगडत आहेत, ती अव्वांनी चार शब्दांत सांगितली. म्हणून आज डोळा, कान आणि हात या तिघांचा हिशेब क्रमाने मांडते.

पहिला डोळा. व्ह्यू-मास्टरमध्ये चित्र उठून दिसे, पण मान वळवली तरी तेच चित्र सोबत येई. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसवायचे असे यंत्र केले, की मान वळली की चित्रही त्या प्रमाणात बदलावे. यंत्र इतके जड होते की ते छताला टांगावे लागे. दिसायच्या त्या नुसत्या रेघांनी काढलेल्या आकृत्या. पण पायाभूत कल्पना हीच. आजच्या यंत्रात प्रत्येक डोळ्यासमोर छोटा पडदा असतो. डोळ्यापासून काही सेंटीमीटरवरचा पडदा आपल्याला नीट दिसणार नाही, म्हणून मधे भिंग असते. त्यामुळे तो पडदा दीड-दोन मीटर लांब असल्यासारखा दिसतो. मान कुठे वळली हे ओळखायला तुमच्या मोबाईलमध्ये असतात तशाच बारीक चिप असतात. शिवाय यंत्राच्या बाहेरच्या अंगाला कॅमेरे असतात. ते खोलीतले कोपरे, दारे, टेबले पाहून आपण किती सरकलो याचा अंदाज घेतात. मग संगणक दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळे चित्र नव्याने काढतो, सेकंदाला सत्तर ते सव्वाशे वेळा.

यातली खरी कसोटी वेळेची. मान वळली आणि चित्र उशिरा वळले, तर मेंदूला ताबडतोब संशय येतो. हा उशीर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून कमी असावा, असे या क्षेत्रात धरून चालतात. तोल सांभाळणारे इंद्रिय आपल्या कानाच्या आत असते. डोळा सांगतो हललो आणि कान सांगतो बसलोय, असे भांडण लागले की पोट ढवळते. चोर्ला घाटातल्या बसमध्ये मोबाईल वाचत बसणाऱ्याला जे होते तेच, फक्त उलट्या बाजूने. तिथे अंग हलते आणि डोळा पानावर स्थिर असतो. इथे अंग स्थिर आणि डोळ्यापुढचे जग धावते. म्हणून नवख्या माणसाला बसवून, दहा मिनिटांच्या आत, आणि चित्र फार न धावणारे असेच दाखवावे.

डोळ्याची आणखी एक तक्रार आहे. खरी वस्तू जवळ आणली की दोन्ही डोळे आत वळतात आणि डोळ्यातले भिंगही जवळचे पाहण्यासाठी फुगते. यंत्रात मात्र डोळे आत वळतात, पण भिंग त्या दीड-दोन मीटरवरच्या पडद्यावरच खिळून राहते. एका बैलाने पुढे जावे आणि दुसऱ्याने जागीच थांबावे, तसे हे होते. डोळे दुखतात, डोके जड होते. हे यंत्र विकणाऱ्या मेटा कंपनीने आधी तेरा वर्षांची अट घातली होती; २०२३ मध्ये आईवडिलांच्या देखरेखीखाली दहा वर्षांपर्यंत खाली आणली. त्याहून लहान मुलाच्या डोळ्यांवर हे चढवू नये, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी.

आता कान. पुन्हा एक गंमत करा. एकाला डोळे मिटून बसवा आणि कुठूनही किल्ल्यांचा जुडगा वाजवा. तो बोटाने बरोबर दिशा दाखवेल. आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला आधी पोहोचतो, डाव्या कानाला नंतर. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका! शिवाय मधे डोके आडवे येते, म्हणून डाव्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. एवढ्यावर मेंदू दिशा ठरवतो. आता जुडगा बरोबर नाकासमोर किंवा बरोबर डोक्यामागे वाजवा. इथे चूक होऊ शकते, कारण दोन्ही कानांना आवाज एकाच वेळी पोहोचतो. अशा वेळी बाहेरच्या कानाच्या पाळीच्या वळ्या मदतीला येतात. पुढून, मागून, वरून आलेला आवाज त्या वळ्यांत वेगवेगळ्या तऱ्हेने गाळला जातो आणि लहानपणापासून मेंदू ही गाळणी पाठ करून बसलेला असतो.

यंत्र हेच गणित करते. पक्ष्याचा आवाज डाव्या कानात किंचित आधी, उजव्या कानात किंचित उशिरा आणि मंद सोडायचा. त्यावर कानाच्या वळ्यांचा संस्कार करायचा. आणि माणसाने मान वळवली की सगळा हिशेब पुन्हा करायचा. देवळात बोललो तर घुमते, परसात बोललो तर विरून जाते. तोही फरक घालता येतो. प्रत्येकाच्या कानाची ठेवण निराळी, त्यामुळे एकाच मापाचे गणित सगळ्यांना सारखे बसत नाही. तरीही ऐकणे हे या तिघांत सगळ्यात स्वस्तात साधणारे काम. त्याला साधे हेडफोनही पुरतात.

उरला हात. डोळ्याला प्रकाश पुरतो, कानाला हवेची थरथर पुरते. दोघेही घरबसल्या माल घेणारी गिऱ्हाइके. हाताचे तसे नाही. हात स्वतः बाजारात जातो. भाकरीचे पीठ मळताना आठवा: आपण जेवढे दाबतो तेवढेच पीठ आपल्याला उलट दाबते, आणि त्यावरून पाणी कमी की जास्त ते कळते. हे देणेघेणे आहे. आभासी पीठ मळायचे तर यंत्राला आपल्या हाताला खरोखरचे बळ लावून अडवावे लागेल.

त्यात हातही भारी चोखंदळ. एका हाताच्या तळव्यात आणि बोटांत मिळून स्पर्श टिपणारे सुमारे १७ हजार मज्जातंतू असतात. त्यांचे प्रकार आहेत. कोणी दाब ओळखतो, कोणी कातडीचा ताण, कोणी हातातला पेला निसटू लागल्याची पहिली हालचाल, कोणी बारीक थरथर. ऊन-गार आणि दुखणे सांगणारे आणखी वेगळे. वजन कळते ते तर कातडीबरोबर स्नायूंना आणि सांध्यांना.

यातली थरथर तेवढी सोपी. मोबाईल थरथरतो तशीच मोटर हातात धरायच्या दांडीत बसवतात. चेंडू बॅटवर आपटलेला दिसतो, टप्पकन आवाज येतो आणि त्याच क्षणी दांडी थरथरते. मेंदू तिघांची मोळी बांधून ‘फटका बसला’ म्हणतो. पुढची पायरी अवघड. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ मध्ये हात अडवणाऱ्या यांत्रिक बाहूंवर काम सुरू केले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी संस्थेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिस्बरी यांनी टेबलावरचा एक छोटा बाहू केला. त्याच्या टोकाला शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपी होती. बोट त्यात घालायचे. पडद्यावरच्या भिंतीला बोट लागले की बाहू त्याला मागे ढकलतो. डोळ्याला सेकंदाला नव्वद चित्रे पुरतात. इथे मात्र बळाचा हिशेब सेकंदाला हजार वेळा करावा लागतो, नाहीतर टणक भिंत स्पंजासारखी लागते. अशा यंत्रांवर आज दातांचे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सराव करतात.

आता हातमोजेही निघाले आहेत. काहींत तारा बोटांना मागे ओढतात, काहींत हवेच्या बारीक पिशव्या कातडीला दाबतात. आभासी पेला धरला की बोटे खरोखर अडतात. पण मोजा हातालाच बांधलेला. तो जमिनीत किंवा भिंतीत रोवलेला नाही. म्हणून पेल्याभोवती बोटे अडली तरी कठड्यावर भार टाकायला गेलात तर हात आरपार जाणार आणि माणूस पडणार. अव्वांचा हात जिथे फिरत होता, तिथेच ही विद्याही अजून चाचपडते आहे.

हात अजिबात फसत नाही असेही नाही. तर्जनीवर मधले बोट चढवा, डोळे मिटा आणि दोन्ही टोकांच्या मधे एक हरभरा फिरवा. हरभरे दोन वाटतील! १९९८ मध्ये मॅथ्यू बॉटविनिक आणि जोनाथन कोहेन यांनी याहून मोठी गंमत दाखवली. माणसाचा खरा हात आडोशाला ठेवला, समोर रबराचा हात ठेवला आणि दोन्हींवर एकाच तालात कुंचला फिरवला. थोड्याच वेळात त्यांना रबराचा हात आपलाच वाटू लागला. म्हणजे डोळ्याने शब्द दिला की हात बराच वेळ विश्वास ठेवतो. भार टाकायची वेळ आली की मात्र नाही.

आणि नुसता डोळा-कान फसवूनही पुष्कळ भले होते, हे सांगितले पाहिजे. भाजलेल्या माणसाच्या जखमेची पट्टी बदलणे म्हणजे नरकयातना. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी अशा रुग्णांसाठी बर्फाच्या दरीचा एक आभास तयार केला. रुग्णाने बर्फाचे गोळे फेकत त्या दरीतून जायचे, आणि तेवढ्यात इकडे पट्टी बदलायची. मन तिकडे गुंतले की दुखणे कमी जाणवते, असे त्यांना दिसून आले.

आमच्या पुतण्याच्या मनात मात्र आणखी काही होते. फराळाच्या ताटावर त्याने विषय काढला. “काकू, अज्जांचे फोटो आहेत, ती जुनी कॅसेटही आहे. आता असं करता येतं की अज्जा कट्ट्यावर बसलेत आणि अज्जीशी बोलतायत. करू या?” घरात एकदम शांत झाले. माझे सासरे जाऊन अकरा वर्षे झाली. आमचे हे म्हणाले, “नको. एकदा रडून झालंय.” जाऊबाई म्हणाल्या, “का नको? तिला तेवढाच आनंद.” पुतण्याने दक्षिण कोरियातली हकिगत सांगितली. तिथल्या एमबीसी वाहिनीने फेब्रुवारी २०२० मध्ये हे दाखवले होते. सात वर्षांची मुलगी २०१६ मध्ये गेलेली. आईच्या डोळ्यांवर यंत्र, हातांत मोजे. बागेत मुलगी धावत येते, आई म्हणून हाक मारते, आणि ती आई तिच्या केसांवरून, गालांवरून हात फिरवू पाहते. बघणाऱ्यांत दोन तट पडले. कुणाला ते दुःखावर फुंकर वाटले, कुणाला दुःखाचा बाजार. आईला स्वतःला ते हवेहवेसे स्वप्न पडल्यासारखे वाटले. त्या माउलीला बरे वाटले असेल तर नाव ठेवणारी मी कोण?

पण इथे ठरवायचे होते अव्वांनी. त्या सगळे ऐकत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “त्यांनी माझा हात धरला तर मला कळंल का?” पुतण्या खोटे बोलला नाही. म्हणाला, “नाही अज्जी. मोजा थरथरेल फक्त.” अव्वा थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “अवर दनी केळसो, अष्ट साकु.” त्यांचा आवाज ऐकव, तेवढं पुरे.

कॅसेट नव्वदच्या दशकातली, आमच्या घरातल्या बारशाची. पुतण्याने ती संगणकावर उतरवून घेतली. अव्वांना हेडफोन दिले. अप्पा एकाशी कन्नडमधून उसाच्या बिलाबद्दल बोलतात, मधेच मराठीत मला हाक मारतात, “सूनबाई, चहा होईल काय गं?” आवाज एकाच माइकवर घेतलेला, त्यामुळे दोन्ही कानांना सारखाच पोहोचतो आणि डोक्याच्या आतच वाजल्यासारखा वाटतो. वर सांगितलेल्या शास्त्राप्रमाणे हा दोषच. अव्वा डोळे मिटून तीनदा ऐकत राहिल्या. यंत्र कोणीच मागितले नाही.

अव्वांचे माहेर हुक्केरी तालुक्यात. घटप्रभेवर हिडकलचे धरण झाले तेव्हा त्यांचे गाव पाण्याखाली गेले. त्याच जलाशयात हुन्नूरचे विठ्ठल मंदिर आहे. पाणी ओसरले की ते उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. दिवाळीनंतरच्या उन्हाळ्यात पुतण्याने स्वतःहून गाडी काढली. देवळापर्यंतचा चिखल सुकून भेगाळलेला होता. अव्वा त्याचा दंड धरून चालत गेल्या आणि दगडी खांबावर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. दगड उन्हाने तापला होता. त्यांनी हात काढला नाही. त्यांच्या गावाचा आभास पुतण्या करू शकला असता. फोटोच नाहीत म्हणून जमले नाही असे तो म्हणतो. जमले असते तर अव्वांनी तेही पाहिले असते, यात मला शंका नाही. पाहण्याला त्यांचा विरोध कधीच नव्हता.

वाचकहो, या सगळ्यातून मी एक काम हाती घेतले आहे, तुम्हीही घ्या. स्पर्श साठवायचे यंत्र अजून नाही. आवाज साठवायचे यंत्र तुमच्या खिशात आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आत्ताच घेऊन ठेवा. शुद्ध मराठी किंवा शुद्ध कन्नड बोलायला लावू नका. ते जशी मिसळ करून बोलतात तसेच बोलू द्या, कारण ती मिसळ त्यांच्या पिढीबरोबर जाणार आहे. मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा, हातात धरू नका. जात्यावरच्या ओव्या, पाहुण्याला मारायची हाक, बाजाराचा हिशेब, काहीही चालेल. फाईलला नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. आणि आधी पंखा बंद करा. आमच्या कॅसेटमध्ये अप्पांपेक्षा पंख्याचाच आवाज मोठा आहे.